लाल चिंधीचं शेपूट

उस्मानभाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी भिगवणला आमच्याच गॅरेजात हात धूत होतो. निरोप ऐकला आणि पुन्हा साबण लावून हात धुतले. रडू आलं नाही. दीड महिना झाला, अजून आलेलं नाही...

बारामतीला एकाच गॅरेजात आम्ही काम शिकलो आणि मग हायवेला भागीत पत्र्याची शेड टाकली. टर्बोचे ट्रक तेव्हा नुकतेच दिसू लागले होते. टर्बोकडून इंजिनाला हवा नेणारे पाइप म्हणजे उस्मानभाईंचा प्रांत. सांध्यावरचं तेल कोरडं पुसायचं, क्लॅम्प रबर कापेल इतका आवळायचा नाही, इंजिन रेस करून साबणाचं पाणी सोडायचं आणि बुडबुडे बघायचे. "घाई करू नगा तात्या, हवा चोरवाट हुडकती," असं मला म्हणायचे. पाइप उघडा असला की त्याच्या तोंडात चिंधी कोंबायची, आत काही पडू नये म्हणून.

एकदा ती चिंधी आतच राहिली. बावड्याच्या आबांचा ट्रक चढाला ओढेना, नुसता काळा धूर. उस्मानभाईंनी पाइप खोलला आणि चिंधी बाहेर काढली. तो पाइप मी जोडला होता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आबा तडकले. "माझ्याच हातनं ऱ्हायली, आबा," उस्मानभाई म्हणाले. मी पाना पुसत उभा राहिलो. आबा गेल्यावर मला एवढंच म्हणाले, "उद्यापासनं लाल चिंधी. आन् शेपूट भाईर पायजे." तेव्हापासून वीतभर लाल टोक बाहेर लोंबू लागलं. विषय पुन्हा निघाला नाही. मीही काढला नाही.

मातीला आबा आले होते. "माणूस लाख व्हता," ते म्हणाले, "येकदा चिंधी इसरला, तेवढंच काय ते." लोक ओल्या डोळ्यांनी हसले. मी मान डोलावली. होय, डोलावली!

उस्मानभाईंनी अर्धवट सोडलेली जीप शेडमध्ये तशीच उभी होती, पाइपातून लाल शेपूट लोंबत. मालक तीनदा येऊन गेला. काल ते शेपूट धरून ओढलं, सांधा पुसला, पाइप जोडला, साबणाचं पाणी सोडलं. एकही बुडबुडा आला नाही. चिंधी त्यांच्या सदऱ्याच्या खिळ्याला अडकवली आहे.

आबा, तुमचा नातू तुम्हाला पेपरची ही पुरवणी वाचून दाखवतो म्हणे. त्या दिवशीची चिंधी माझी होती.