वरातीच्या गाडीची चाकं

वैभव सोनकुसरेने उभ्या आयुष्यात कधी गाडी पळवली नाही, आणि तो मेला तेव्हा पेपरात छापून आलं, 'भरधाव स्पोर्ट्‌स कार उलटून चालक ठार'. पेपरवाल्यांचं सोडा, त्यांना जागा भरायची असते. पण नागपुरात आमच्या तांडापेठेत ज्यांनी त्याला लहानाचा मोठा होताना पाहिलं, तेही माना हलवून म्हणाले, पोरगं वेगापायी गेलं. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. म्हणून हे लिहायला बसलो.

माझं गांधीबागेत नवरदेवाच्या शेरवान्या भाड्याने देण्याचं दुकान आहे. फेटा, मोजडी, हातात धरायची तलवार, सगळं मिळतं. मापं घेताना नवरदेवाचा बाप हमखास विचारतो, वरातीला गाडी कोणाची सांगू? मी सोनकुसऱ्यांचं नाव सांगायचो. ते माझ्याच गल्लीतले. बाप बाबनराव, थोरला भूपेश, धाकटा वैभव. आई पोरं शाळेत असतानाच वारली. बाबनरावांनी हातमागावर लुगडी विणून दोघांना वाढवलं, आणि मागावर पोट भरेनासं झालं तेव्हा आमच्या कोष्ट्यांतल्या बाकीच्यांसारखे तेही चौकीदारीला लागले.

भूपेश पहिल्यापासून हौशी. मुंबईच्या कुण्या शेठची जुनी, परदेशी बनावटीची, दोन सीटची, छत उघडणारी लाल गाडी त्याने आणली, तेव्हा अख्खी गल्ली बघायला लोटली. आता ही ठेवायची कुठे? ज्या खोलीत माग होता तिथला, विणताना पाय सोडून बसायचा मागाचा खड्डा बुजवला, समोरची भिंत पाडली आणि शटर बसवलं. बाबनरावांची खाट त्याच खोलीच्या कोपऱ्यात होती, ती तशीच राहिली. म्हातारा आणि गाडी एकाच खोलीत झोपायचे.

गाडी भूपेशची, पण चालवायचा वैभव. त्या गाडीचा काटा अडीचशेपर्यंत होता. वरातीतली पोरं खिडकीत डोकं घालून विचारायची, "कितीनं पळते गा भाऊ?"

"मले काय मालूम," वैभव म्हणायचा. "मी तर हिले चालतानाच पाहिलं हाये."

आणि ते खरंच होतं. वरात म्हणजे पुढे बँड, बँडच्या मागे नाचणारे, नाचणाऱ्यांच्या मागे गाडी. कुणाच्या तरी काकाला मध्येच रस्त्यावर लोळून नाचायची लहर येणार, मग सगळं थांबणार. पहिला गियर, क्लच, ब्रेक, पुन्हा पहिला गियर. नाचणाऱ्यांच्या टाचा आणि गाडीचा बंपर यांत वीतभर अंतर ठेवून तो तासन्‌तास गाडी सरकवायचा, आणि एवढ्या वर्षांत एकाच्याही टाचेला त्याने बंपर लागू दिला नाही. रात्री डाव्या गुडघ्याला तेल चोळत बसायचा. इतक्या नवरदेवांना मांडवात पोचवलं, स्वतःचं लग्न मात्र राहून गेलं. मी चिडवायचो, तुझी शेरवानी बाजूला काढून ठेवली आहे बरं. तो नुसता हसायचा.

खरा घोळ चाकांचा. त्या गाडीला कंपनीनेच मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद दिले होते. सतरा इंची रिम, मागे दोनशे पंचेचाळीस मिलिमीटर रुंदीचे टायर, रबराला चांगली उंची. ते झिजले तेव्हा नेमकं ते माप नागपुरात मिळेना. पुण्याहून मागवावं लागणार आणि लग्नसराई तोंडावर आलेली. शिवाय भूपेशच्या मनात वेगळंच घोळत होतं. नवरदेव मंडळी मोबाईलवर मोठ्या शहरांतल्या वराती दाखवायची, त्या गाड्यांची चाकं ही एवढी मोठी, आरशासारखी चकचकीत. लकडगंजकडच्या एका दुकानात त्याला तशीच एकोणीस इंची रिम दिसली आणि तो विरघळला.

आता चाकाला गाडीत जागा असते तेवढीच. रिम मोठी घेतली की रबर तेवढं पातळ होतं. पूर्वी रिम आणि रस्ता यांच्यामध्ये बरंच रबर होतं, आता जेमतेम तीन बोटं उरलं. त्यातून दुकानदाराने मागे आणखी रुंद, दोनशे पासष्टचे टायर दिले. रिकाम्या गाडीत चक्कर मारून पाहिली, सगळं झकास. गाडी दिसायला लागली नवरीसारखी. मलाही आवडली, खोटं कशाला बोलू.

पहिल्याच वरातीत फजिती झाली. गाडीला सीट दोन. नवरदेव सीटवर बसला तर तो लोकांना दिसत नाही, म्हणून त्याला छत उघडून मागे डिकीवर बसवतात. त्याच्या शेजारी करवली आलीच. दुसऱ्या बाजूला मामा, आणि मामाला धरून आणखी एखादा भाचा. सगळा भार मागच्या दोन चाकांवर. गाडी मागून बसली आणि टायर वरच्या पत्र्याला घासायला लागले. खर्र खर्र आवाज, रबराचा जळका वास. आणि नवरदेवाच्या मामाला खाली उतरा म्हणायची छाती कोणाची? त्याच्या रुसण्यात निम्मं लग्न जातं.

त्या रात्री वैभव म्हणाला, "दादा, जुन्याच मापाचे मागवून घे ना गा. हे मले बरोबर नाही वाटून राहिले."

"काहून? आवाजच येते ना? आवाज बंद करून देतो."

आणि त्याने आवाज बंद केला. त्याच रुंद रिमवर अरुंद, दोनशे पंचवीसचे टायर ताणून बसवून आणले. टायरच्या कडा आत ओढल्या गेल्या, पत्र्याला लागणं थांबलं. भूपेशला वाटलं, दुखणं गेलं. पण वरचा भार होता तेवढाच होता. तो आता आधीपेक्षा अरुंद, ओढून बसवलेल्या रबरावर आला होता, एवढाच फरक.

आमच्या नागपुरातले सिमेंटचे रस्ते मधून गुळगुळीत, पण कडेला पायरीएवढी उंची सोडलेली असते. लग्नाच्या लॉनमध्ये शिरताना गाडी त्या पायरीवरूनच न्यावी लागते, डिकीवर नवरदेव-करवली-मामा तसेच बसलेले. दर वेळी रिम ठणकन वाजायची. वैभवच्या कपाळाला आठी पडायची, ती मी स्वतः पाहिली आहे. मे महिन्यात एकदा गाडी धुताना त्याला मागच्या डाव्या टायरला, आतल्या बाजूने, फुगा आलेला दिसला. लिंबाएवढा.

"दादा, हा फुटन," तो म्हणाला. "जुने टायर मागव, नाही तर रामटेकची बुकिंग कॅन्सल कर."

"आखरी मुहूर्त हाये बाप्पा. शब्द देऊन बसलो मी त्यांले. हे एक होऊ दे, मग मागवतोच."

लकडगंजच्या दुकानात दोनशे पंचवीसचा दुसरा टायरही नव्हता. वैभव रोज तेच म्हणत राहिला, भूपेश रोज तेच उत्तर देत राहिला. हे मला नंतर कळलं. धाकट्याने थोरल्याला सांगावं आणि थोरल्याने ऐकू नये, हे काय आमच्याकडे नवीन आहे? शेवटी वैभव गेला, कारण दादाने शब्द दिला होता.

रामटेकची वरात नीट पार पडली. नवरदेव मांडवात उतरला, वैभव जेवला आणि भर दुपारी, गरम लू वाहत असताना, एकटाच परत निघाला. त्याच्या मागे रोशनचा टेम्पो होता. रोशन म्हणजे त्या वरातीतल्या बँडचा मालक. त्याच्या टेम्पोत ढोल-ताशे आणि वाजवणारे खचून भरलेले. तो टेम्पो पन्नासच्या पुढे गेला तर खिळखिळा होतो, हे सगळ्या नागपूरला माहीत आहे.

रोशनने मला जे सांगितलं ते असं. "काका, तो आमच्या समोरच होता. मनसर सोडलं, आम्ही त्याले हात दाखवून राहिलो, तो आरशातून हसून राहिला. आन्‌ फटकन आवाज झाला. गाडी गरकन फिरली, डिव्हायडरले लागली आन्‌ उलटली. छत तर उघडंच होतं ना काका."  रोशननेच वैभवला टेम्पोत घातलं, ढोल रस्त्यावर टाकून. दवाखान्यापर्यंत पोरगा पोचला नाही.

दवाखान्यात पोलिसाने भूपेशला विचारलं, गाडी किती वेगात होती? भूपेश म्हणाला, "वेगातच असन साहेब." बस्स, एवढं एक वाक्य. भेदरून बोलला की गाडी आपल्या नावावर आहे म्हणून बोलला, ते त्याचं त्याला ठाऊक. पंचनाम्यात 'भरधाव' आलं, तिथून पेपरात, तिथून गल्लीत. रोशन घसा फोडून सांगत होता, पण लाल स्पोर्ट्‌स कार उलटलेली पाहिल्यावर बँडवाल्याचं कोण ऐकतं?

मला सगळ्यात जास्त राग आला तो बाबनरावांचा. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला म्हातारा तेच ऐकवायचा. "हळू चालव म्हणलं होतं. नाही आयकलं. मस्ती होती अंगात, भोगली." पोराचा फोटोही भिंतीला लावू दिला नाही. आणि भूपेश तिथेच, बापाच्या खाटेच्या पायथ्याशी, मान खाली घालून बसलेला. सख्खा बाप मेलेल्या पोराला नावं ठेवतो आणि खरं माहीत असलेला भाऊ गप्प ऐकतो, हे बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तेरवी झाल्यावर एका संध्याकाळी मी न राहवून गेलो. शटर अर्धं वर होतं. गाडी गेल्यामुळे खोली मोकळी, नुसती खाट आणि फरशीवर तेलाचे डाग. भूपेश नेहमीसारखा खाटेच्या पायथ्याशी होता. मी बसतो न बसतो तोच म्हाताऱ्याने सुरू केलं, वेगानं खाल्लं माझ्या पोराले.

"पुरे करा बाबनराव," मी म्हणालो. "रोशन मागेच होता. तुमचं पोरगं पन्नासच्या वर नव्हतं. बिचारा स्वतः सांगायला येऊ शकत नाही, म्हणून काय वाट्टेल ते बोलायचं?"

 भूपेशच्या तोंडून एकदम हुंदका फुटला. तो बापाच्या पायावर कोसळला.

"बाबा, तो हळूच होता. टायर मी लावले होते. त्यानं मले रोज म्हणलं, बदलून दे, मी नाही बदलले. मीच मारलं बाबा त्याले."

"मालूम हाये मले," बाबनराव म्हणाले.

भूपेशने मान वर केली.

"याच खाटेवर पडलो राहतो ना मी. तो तुले काय म्हणे, तू त्याले काय म्हणे, समदं आयकत होतो."

"मग त्याले काहून बोलत होते बाबा?"

"त्याले बोललं तर त्याले थोडीच लागते?" म्हातारा म्हणाला. "तुले बोललो असतो तर तू बी गेला असता. तुह्या तोंडाकडे पाहिलं होतं मी दवाखान्यात. मले एक तरी पोरगा पायजे होता ना गा."

मला तिथे बसवेना. मी ज्याला दगड समजत होतो, तो माणूस एका पोराला वाचवायला दुसऱ्याचं नाव रोज आपल्या हाताने मातीत घालत होता, आणि ते करताना त्याला काय होत असेल हे विचारायची माझ्यात हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून भूपेश सांगत सुटला. पानठेल्यावर सांगितलं, समाजाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, पोलिसांकडे जाऊन सांगितलं. रिम मोठी, रबर पातळ, टायर चुकीच्या मापाचा, फुगा आलेला, आणि चूक माझी. लोक शांतपणे ऐकून घ्यायचे, त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि तो गेला की हळहळायचे.

परवा तो माझ्या दुकानात आला होता. एका नवरदेवाच्या बापाने गाडीची चौकशी केली, तर त्यालाही त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि बाहेर पडला. त्या गृहस्थाचे डोळे भरून आले.

"भाऊ असावा तर असा," तो मला म्हणाला. "गेलेल्याचं नाव खराब होऊ नये म्हणून दोष सोताच्या अंगावर घेऊन राहिला."

"अहो, नाही हो," मी म्हणालो. "तो खरं तेच सांगतो आहे. वैभव वेगात नव्हताच. टायरच तसा होता."

त्याने माझ्याकडे मोठ्या आदराने पाहिलं. "तुमचं बी मन मोठं हाये काका," तो म्हणाला, आणि पोराला शेरवानीच्या मापासाठी पुढे उभं केलं.