व्याजातला ढोल

पन्नास रुपये. रावजीने चष्मा पुसून पासबुक पुन्हा डोळ्यांजवळ धरलं, पण आकडा काही वाढला नाही.

पालीच्या बँकेत वाडीच्या देवळाचे सहा हजार त्याच्या नावावर होते. वर्षाचं व्याज तीनशे येणार आणि त्यातून शिमग्याला नवा ढोल घेणार, असं त्याने गणपतीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. तेव्हा जरा गप्प बसला असता तर बरं झालं असतं.

"शेकडा पाच म्हंजे तीनशे. बाकीचं ग्येलं कुठं?" तो कारकुनाला म्हणाला. आयुष्य गिरणीत मान खाली घालून काढलेल्या माणसाचं भांडण ते, त्यात जोर कसला असणार!

कारकून अयूब जयगडकडचा, स्वभावाने गरीब. त्याने खातं उलटसुलट पाहिलं. "काका, दर पुनवेच्या आदल्या दिवशी तुम्ही सगळे पैसे काढता, आणि पुनव झाली की परत भरता. का?"

"देवळात दाखवाया."

अयूबने कपाळाला हात लावला. "दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात कमीत कमी जेवढे राहतील तेवढ्यावरच व्याज मिळतं. मध्ये एक दिवस जरी खातं रिकामं झालं तरी तो महिना फुकट. शेवटचे दोन महिने पुनव दहाच्या आत आली म्हणून एवढे तरी पडले."

एवढं ऐकूनही रावजीने पैसे काढलेच. दुसऱ्या दिवशी पौषातली पुनव होती, आणि रिकाम्या हातांनी देवळात जायची त्याची छाती नव्हती.

त्याला कारण होतं त्याचा बाप, शिवा. देवळाचे पैसे पूर्वी त्याच्याकडे असत. एकदा मोजताना कमी भरले. कोणी तोंडावर काही बोललं नाही, पण पैशांचा डबा दुसऱ्या घरी गेला. म्हातारा मरेपर्यंत भेटेल त्याला थांबवून तो हिशेब सांगत राहिला. म्हणून वाडीने पैसे रावजीच्या हाती दिले तेव्हा त्याने ठरवलं, आपल्याकडे कोणी बोट दाखवता कामा नये. दर पुनवेला देवापुढे फडकं पसरून तो नोटा मांडी आणि मोजून दाखवी. पालीच्या खेपांनी गुडघे दुखायला लागले, तरी चुकवलं नाही.

"घरातलं घाला नि मिटवा येकदाचं," रात्री जेवताना बायको सखू म्हणाली.

"घातलं तर म्हनतील, खाल्लेलं परत केलान."

त्याने ताट सारून नोटा पुन्हा मोजायला घेतल्या.

पुनवेला आरतीनंतर त्याने फडकं पसरलं, नोटा मांडल्या आणि अयूबने सांगितलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. ढोल येणार नाही, हेही सांगितलं. मग तो वाट बघत राहिला, आता कोण काय बोलतो याची.

बोलला महिपत, वाडीतला सगळ्यात जुना माणूस. "रावजी, ह्ये पैसं दाखव म्हून तुला सांगितलान कोनी?"

रावजीने नोटांवरून मान वर केली.

"पयल्या पुनवेला मांडलंस तवा वाटलं, असंल तुझी हौस. मंग दर पुनवेला बसायचो, करनार काय. घरी भात निवतो."

"पन बाबाचं त्ये..."

"बाबाचं काय?" महिपत खरोखरच विचारत होता.

रावजीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. बाप ज्यासाठी झुरून मेला ते कोणाला आठवतही नव्हतं. त्याला हायसं वाटायला हवं होतं. पण नुसता शीण आला, बापाचा आणि स्वतःचा दोन्ही.

"मोजून घ्या," तो सवयीने म्हणाला.

कोणी हात पुढे केला नाही. महिपत उठला आणि पायरीवर आपल्या चपला शोधायला लागला.