दादाच्या वाटणीचं वजन

माझं विमान माझ्याहून वयाने मोठं होतं. दुसरं महायुद्ध संपल्या संपल्या बनलेलं, कापडी पंखांचं, शेजारी शेजारी दोनच माणसं मावतील एवढं. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आपल्या मराठी मंडळींत त्याची यथेच्छ टिंगल चाले. बाईने एकटीने घर घेतलं, ते लोकांनी कसंबसं गिळलं होतं. विमान मात्र घशात अडकलं. अडकू दे.

त्या उन्हाळ्यात आईचा माझ्याकडचा मुक्काम संपला आणि कॅलिफोर्नियात दादाकडचा सुरू व्हायचा होता. बाबा गेल्यापासून आईला कधी, कुठे पाठवायचं हे दादाच ठरवी. या खेपेला त्याने तिकीट काढायच्या आत आईनेच फोनवर सांगून टाकलं, "मी हिच्या विमानातून येते."

वायोमिंगपर्यंत मजेत गेलो. खाली नुसतं पिवळं, उजाड माळरान. तरी आई काचेला नाक लावून. तिथल्या लॅरमी गावी पेट्रोल भरायला उतरलो आणि मी कपाळावर हात मारला. तिथली जमीनच उंच, दुपारची हवा विरळ, पुढे डोंगर. म्हाताऱ्या इंजिनाला आम्ही दोघी, भरलेली टाकी आणि आईची बॅग एवढं झेपणार नव्हतं. बॅगेत नागपूरहून आणलेली दादाची वाटणी होती: मुगवड्या, तिखट, लोणच्याची भलीमोठी बरणी. बाकी सगळं मी तोलून घेतलं होतं. पण आईची बॅग कोण तोलतं?

दादाला फोन करून सांगितलं, तर तो ओरडला, "तू क्रेझी आहेस का? आईला डेन्व्हरहून प्रॉपर फ्लाइटमध्ये बसव. मी आत्ता बुक करतो. विषय क्लोज!"

मी हो म्हणणारच होते. आईने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला.

"मला पाठवू नकोस. मी जातेय," म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

मग साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या त्या बाईने बॅग फरफटत पेट्रोलवाल्यापुढे नेली. "यू ईट," एवढंच म्हणाली. त्याने बिचाऱ्याने बरणीचा वास घेतला आणि थँक यू म्हटलं. मी टाकी अर्धीच भरून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारव्यात आम्ही उडालो.

डोंगरांच्या तोंडाशी वारा आम्हाला खाली दाबू लागला. उंचीचा काटा सरकेना. खालच्या हायवेवरचे ट्रक आमच्या पुढे जात होते. दादाचं खरं ठरणार, या विचाराने मला भीतीपेक्षा राग जास्त आला.

"आई, परत फिरू का?"

"इंजिन ठीक आहे?"

"आहे."

"थोडं पुढे जाऊन मग फिरता येईल?"

"येईल."

"मग आत्ताच कशाला? चालव."

मी माळरानावर घिरट्या घालत उंची मिळवली, पुन्हा पुन्हा, चिकाटीने. आणि डोंगर ओलांडले.

वाटेत मुक्काम करत कॅलिफोर्नियाला उतरलो तेव्हा दादा कुंपणाशी उभा होता. त्याने आईसाठी गाडीचं मागचं दार उघडून धरलं. त्याच्या गाडीत आईची जागा तीच. आई त्याच्यासमोरून शांतपणे गेली, पुढचं दार उघडलं आणि पट्टा लावून बसली.