सेंदाईतून दिसलेला अमेरिकन मतदार

चार वर्षांत माझ्या प्रबंधाची पानं जेमतेम दोनशे झाली; किस्से मात्र न लिहिताच साठत गेले. विषय अमेरिकन मतदार, मुक्काम जपानात, सेंदाईच्या विद्यापीठात. मार्चमध्ये शिष्यवृत्ती संपणार होती. सेन्सेईंचा, म्हणजे माझ्या गाइडचा, शिक्का पडल्याशिवाय प्रबंध सादर होत नाही, आणि ते तीनदा म्हणाले होते, "अजून एकदा बघा." मी बघत होते. प्रबंध न देता पुण्याला परतायचं नाही, हे माझं ठरलेलं होतं.

काकांनी फोनवर विचारलं होतं, "अमेरिकेच्या अभ्यासाला जपान? विमान चुकलं का तुझं?"

"काका, शेजारच्यांचं भांडण आपल्याच घरातून नीट ऐकू येतं."

त्यांना काही ते पटलं नाही.

*

निवडणुकीचं वर्ष होतं. कोपऱ्यावरच्या कोन्बिनीचे, म्हणजे चोवीस तास उघड्या असलेल्या दुकानाचे, मालक दूध देताना रोज विचारायचे, "कोण जिंकणार?" एकदा मोडक्या जपानीत सगळं समजावलं. प्रचार ऐकून बाजू बदलणारे थोडेच. बहुतेकांची बाजू आधी ठरते, कारणं मागून येतात.

"हवामानखातं निदान छत्री घ्या एवढं तरी सांगतं," ते म्हणाले.

*

आमच्या रिसर्च रूममधला मार्क अमेरिकन. "मी कुठल्याच पक्षाचा नाही," हे तो अभिमानाने सांगायचा. मी विचारलं, आजवर मत कोणाला दिलंस? दर वेळी एकाच पक्षाला!

"तो योगायोग आहे," मार्क म्हणाला.

"तुझा योगायोग हे माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण आहे," मी म्हटलं. आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही.

*

माझा दादा राजधानीत, तोयोसूला, आयटीत. त्याच्याकडे जमलेल्या मराठी मंडळींवर मी प्रश्नावलीची ट्रायल घेतली. सूचना एकच: यंदा दिवाळीचा फराळ विकत आणावा. निम्म्या कागदांवर लिहिलं 'पुणेकरांची सूचना', निम्म्यांवर 'मुंबईकरांची'.

पुण्याच्या कुलकर्णींनी मुंबईवाल्या कागदावर लिहिलं, 'अजिबात नको.' शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने पुण्याच्या कागदावर लिहिलं, 'उत्तम.' मग दोघांनी एकमेकांचे कागद वाचले. त्या दिवशी चहा मलाच करावा लागला.

*

जानेवारीत सेन्सेईंनी जपानीत टाइप केलेलं एक पान समोर ठेवलं. त्यावर नाव नव्हतं.

"वाचा. काय वाटतं?"

मतदार दोन्ही पक्षांचे मुद्दे तोलतो आणि मगच मत देतो, असं त्यात ठासून लिहिलं होतं. मी लगेच ओळखलं, हे ओकादा-सान! सेमिनारमध्ये माझ्या प्रत्येक वाक्याला हरकत घ्यायला हात वर करणारे. मी पाऊण तास त्या पानाची चिरफाड केली. लेखक एकाही मतदाराशी बोललेला नाही, म्हटलं. निष्कर्ष आधी ठरवून पुरावा मागून शोधतोय, असंही म्हटलं. मला राग आला होता आणि तो मी लपवला नाही. शेवटी म्हटलं, "ओकादा-सानना माझी उत्तरं जरूर दाखवा."

"ओकादा-सान?" सेन्सेईंनी पान स्वतःकडे वळवलं. "हा तुमचा शिष्यवृत्तीचा अर्ज. चार वर्षांपूर्वीचा. भाषांतर मी केलं होतं."

आणि त्यांनी ड्रॉवरमधून शिक्का काढला.