घरमालकांचा मायक्रोवेव्ह

लातुरात कुणाच्या ताटात गार भाजी पडली, की त्याची खबर सर्वात आधी आमच्या घरमालकांना लागायची. ते निवृत्त शिक्षक. जळकोटच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. पत्नी वारली, मुलगी परदेशी स्थायिक झाली आणि जाताना तिने त्यांना मायक्रोवेव्ह घेऊन दिला. नांदेडहून बदली झाल्यापासून मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. पहिल्याच संध्याकाळी खानावळीचा डबा घेऊन जिना चढत होतो, तर मागून हाक आली, "ओ पत्रकार, गारच खाऊन राहिले का? या इकडं."

आत काहीही ठेवलं की सर ओव्हनसमोर खुर्ची ओढून बसत आणि तास सुरू होई. "आत विस्तू न्हाई, मग अन्न कामून तापतं? पाण्याच्या कणाचं एक टोक धन, एक ऋण. आतली लहर सारखी दिशा बदलते. कण तिच्या मागं मान वळवतो, शेजारच्याला धक्का देतो. ही ढकलाढकली म्हंजेच उष्णता." एकदा समोरच्या काकूंनी कडक भाकरी आणली. पापडासारखी वाळलेली, ती तापायचं नाव घेईना. सरांना कोण आनंद! "पाणीच न्हाई तर फिरंल कोण? लातूरकरांना हे बी सांगावं लागतं का?" काकू म्हणाल्या, "सर, तुमच्यापरीस आमचा तवा बरा. तो शिकवत न्हाई."

डबे सगळ्यांचे स्टीलचे. स्टीलवरून लहर माघारी फिरते, म्हणून सर भाजी आपल्या काचेच्या वाडग्यात काढून तापवत आणि वाडग्यासकट देत. शेजारचं भांडं रिकामं परत करण्याची आपल्याकडे रीत नाही. वाडगा परत येताना त्यात कधी वरण असे, कधी शेंगदाण्याची चटणी, वेळ अमावास्येच्या सणाला शेंगाभाज्यांची भज्जी. सरांचं जेवण असं तीन-चार घरचं असे. वाडगा आणणारा माणूस घटकाभर बसे. सर वरणाची नाही, त्या बसण्याची वाट पाहत.

पण ते फार चांगले शिक्षक होते. ऐकून ऐकून गल्लीची त्या मशीनबद्दलची भीती गेली. दसऱ्याला काकूंकडे ओव्हन आला, दिवाळीला शेजारी, पुढे एक जुना मीही घेतला. सरांचे वाडगे फळीवर एकात एक बसले. काकूंनी दारातूनच सांगितलं, "सर, आता तुम्हाला आमचा तरास न्हाई बरं का." सर म्हणाले, "हाव. लई बरं झालं."

गेल्या रविवारी संध्याकाळी ते जिना चढून माझ्या दारात आले. हातात पिठलं. "माझं मशीन बंद पडलंय. एवढं तापवून द्या." दुपारीच खालून त्या मशीनची घंटी मी ऐकली होती. मी खुर्ची दिली. पिठलं आत फिरू लागलं. सर थोडा वेळ ते पाहत राहिले.

"हे तापतं कसं हो?" त्यांनी विचारलं.

मी जमेल तसं सांगू लागलो. बरंच चुकलं असावं. सर मान डोलवत ऐकत होते. घंटी वाजली, पण आमच्यापैकी कुणी उठलं नाही. बोलता बोलता पिठलं पार निवून गेलं.

"पुन्हा लावा," सर म्हणाले. "अन् पहिल्यापासून सांगा. मला नीट समजलं न्हाई."