झुडपाखाली ठेवलेलं पाणी

मंडळी, घरी येऊन चहा घेतला, तरी राग जात नाही.

आज स्टॅनमोरला आमच्या वॉकिंग ग्रुपमध्ये चिन्मय त्याच्या अमेरिकेतल्या वाळवंटी ट्रेलचे फोटो दाखवत होता. एका फोटोत तो झुडपाखाली ठेवलेल्या कॅनमधल्या पाण्याने मोजे धुत होता. ते पाणी तिथले लोक स्वतःच्या गाडीने आणून चालणाऱ्यांसाठी ठेवतात. फोटो पाहून सगळे हसले.

मी म्हटलं, "अरे, ते प्यायचं पाणी."

"चिल काकू, फ्री होतं."

ती वाट चालायची ह्यांची फार इच्छा होती. ते गेल्यावर मी एकटीच गेले. पहाटे चालायचं, दुपारी मिळेल त्या सावलीत पडून राहायचं आणि सारखा पुढच्या पाण्याचा विचार करायचा. एकदा असेच कॅन रिकामे मिळाले. मागून आलेल्या एका बाईने तिच्या बाटलीतलं अर्धं पाणी दिलं, म्हणून आज हे लिहिते आहे.

चिन्मयला हे सांगितलं. तो म्हणाला, "सॉरी काकू, पण माझ्या मागे कोणीच नव्हतं."

मागे कोणी दिसत नाही, म्हणून कोणी नसतंच का? त्या दिवशी मीही पुढच्या माणसाला दिसत नव्हते.