जिथून उचललं, तिथंच

आमच्या निवाऱ्यात नियम पुष्कळ आहेत, पण खरा पाळला जातो तो एकच. कुत्रं जिथून उचललं, तिथंच सोडायचं. नसबंदी झाली, टाके सुकले, ओळखीसाठी कानाचा शेंडा कातरला, की ज्या कोपऱ्यावरून आणलं त्याच कोपऱ्यावर नेऊन उतरवायचं. परक्या गल्लीत टाकलेल्या कुत्र्याला तिथली कुत्री जगू देत नाहीत. आमच्याकडे तर गल्ली संपली की जंगल लागतं, आणि बिबट्याला कुत्र्याइतकं सोपं जेवण दुसरं नाही. हे सगळं मी शाळाशाळांत माइक हातात धरून सांगत आलो आहे. टाळ्याही घेतल्या आहेत.

मी निवाऱ्याचा अध्यक्ष. निवारा मात्र उभा केला बाईंनी. दवाखान्यात आया म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झाल्या, माहेर सावली तालुक्यातलं. आधी त्या जखमी कुत्री स्वतःच्या अंगणात आणून ठेवायच्या. पुढे ऊर्जानगर या वीज केंद्राच्या वसाहतीच्या रस्त्याला पत्र्याचं शेड झालं, आणि कागदपत्रं करायला कुणी शिकलेला हवा म्हणून त्यांनी मला बोलावलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो मीच. सकाळी मी पोचेपर्यंत बाईंनी राइस मिलमधली कणी शिजवलेली असे, पिंजरे धुतलेले असत, उन्हाळ्यात जाळ्यांवर ओली पोती टांगलेली असत. "जय भीम सर," म्हणून त्या चहा पुढे करायच्या. मग प्रत्येक पिंजऱ्यावर टांगायची चिठ्ठी त्या सांगायच्या आणि मी लिहायचो. चिठ्ठीवर कुत्र्याची जागा असे.

तांबडा नावाच्या कुत्र्याच्या चिठ्ठीवर मी लिहिलं होतं, 'वसाहतीतली पाण्याची टाकी, निळ्या फाटकासमोर.' ते फाटक एका बड्या साहेबांचं होतं. आमच्या शेडवरचे नवे पत्रे त्यांच्याच शब्दावर मिळाले होते. तांबडा आमच्याकडे असतानाच त्यांचा फोन आला. "तेवढा एक परत आणू नका सर. येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकत राहतो. तुम्ही अध्यक्ष आहात, तुमच्या हातात काय नाही?"

त्या शेवटच्या वाक्यानं मी विरघळलो. दबाव होता, असं पुढे मी स्वतःला खूप पटवून पाहिलं. दबाव कसला डोंबलाचा! मला बरं वाटलं होतं.

सोडायच्या दिवशी ड्रायव्हर सुट्टीवर होता, म्हणून आमची पांढरी गाडी मीच काढली. बाईंनी तांबड्याला उचलून मागं ठेवलं आणि कागदात गुंडाळलेला एक टोस्ट माझ्या हातात दिला.

"उतरला का हा द्या त्याले. टाकीजवळ रोज मीच देते. टोस्ट भेटला का त्याले समजते, घरी आलो म्हून."

मी टाकीकडे वळलोच नाही. शहर सोडून जंगलाच्या बाजूनं गेलो आणि शेवटच्या गावापुढच्या वळणावर गाडी थांबवली. भर दुपार होती. मागचं दार उघडलं, पण तांबडा उतरेना. कोपऱ्यात अंग चोरून बसून राहिला. मी हाक मारली, दरडावलं, टाळ्या वाजवल्या. शेवटी खिशातला टोस्ट काढून गवतात फेकला. त्यासरशी त्यानं खाली उडी मारली. मी दार लावून घेतलं.

"सोडला का सर?" परत आल्यावर बाईंनी विचारलं.

"सोडला. टाकीजवळच."

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "सर, तांबडा दिसून नाई राह्यला." तिसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा पाहवेना, म्हणून मीच म्हणालो, चला, शोधू. आठवडाभर सकाळी बाई माझ्या स्कूटरच्या मागे बसायच्या आणि आम्ही वसाहत पालथी घालायचो. कुत्रं तिथं नाही हे ठाऊक असून मी नाल्यांत वाकून त्याला हाका मारत होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, एवढ्यावर निभावलं असतं तरी चाललं असतं. मी त्याच्याही पलीकडे गेलो होतो. वर एकदा बाई म्हणाल्या, "तुमी होते म्हून बरं झालं सर." तेव्हा मला स्वतःची किळस आली, तरी मी पुढच्या नाल्यात वाकून पुन्हा हाक मारली.

मग एका सकाळी बाईंनी चहा दिला नाही. पिंजऱ्यांच्या किल्ल्या माझ्यापुढं ठेवल्या.

"माहीच चूक झाली सर. त्याचे टाके ओले असतीन. मले आता बरोबर दिसत नाई. आतून पिकलं असंल अन् कुठी जाऊन मेला असंल. उद्यापासून मी नाई येत. दुसरी बाई पाहा."

टाके खडखडीत वाळले होते. मी पाहिले होते. तरीही त्या क्षणी माझ्या तोंडातून एवढंच निघालं, "उद्या बोलू."

तिथून मी पांढरी गाडी काढून सरळ त्या वळणावर गेलो. तांबडा सापडला तर कबुलीविनाच सुटू, असा माझा हिशेब होता. रस्त्याकडेच्या शेतात एक बाई धानाची निंदणी करत होती. तिला विचारलं.

"तांबडा? कान कातरलेला?" ती म्हणाली. "होता ना. आठ-दहा दिवस इथीच, या वळणावर बसून राहे. भाकर टाकली तं खाये, पण घरी नाई ये. पांढरी गाडी दिसली का मागं पळे. परवापासून दिसत नाई. बिबट फिरून राह्यला इकडं." मग माझ्या गाडीकडे पाहत तिनं विचारलं, "तुमचा होता का?"

मी मान हलवली. हो की नाही, ते माझं मलाही कळलं नाही.

आमच्या बाई काम सोडून गेल्या नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. आता कुत्रं सोडायला गाडीत त्या स्वतः जातात आणि चिठ्ठी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतात. अध्यक्ष अजून मीच आहे.

पण त्या दिवशी मी परत आलो तेव्हा त्या उद्याची कणी निवडत बसल्या होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं: साहेबांचा फोन, वळण, गवतात फेकलेला टोस्ट, शेतातली बाई काय म्हणाली ते. त्या ओरडतील, निदान रडतील, असं वाटलं होतं. त्यांचा हात सुपात तसाच थांबला. मग खालच्या मानेनंच त्यांनी विचारलं,

"टोस्ट खाल्ला का त्यानं?"

"हो," मी म्हणालो.

त्या दुपारी गाडी वळवताना मी मागं पाहिलंच नव्हतं.